दादाच्या पॅकेजवरची लाल ओळ

सोमवार, ३ मार्च

आज डब्यात लाल ओळ निघाली. आणि निघावी कुठे? दादाच्या पॅकेजात!

आमचा प्रोग्रॅम रक्ततपासणीच्या लॅबना जातो, पण एकटा नाही जात. त्याला लागणारी बारीकसारीक पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, कुणाकुणा परक्यांनी लिहिलेले, सगळी एकाच कंटेनर इमेजमध्ये भरून जातात. मी तिला डबा म्हणते. आता सगळं ऑफिसच म्हणतं. डबा बाहेर पडण्याआधी स्कॅनर आतलं एकेक पॅकेज जाहीर झालेल्या दोषांशी ताडून बघतो. दोष सापडला की लाल ओळ. लाल असेल तर डबा हलत नाही. ही राखण माझ्याकडे — त्रेसष्टाव्या वर्षी, एकही पदवी नसताना!

एकशे बारा पॅकेजं. एकशे अकरा हिरवी. लाल एकच, रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं छापणारं. अठरा वर्षांपूर्वी दादाने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं. मी शेजारी भाजी निवडत बघत होते. "नुसती बघू नकोस, विचार," म्हणायचा. विचारून विचारूनच तर शिकले.

दोष असा की पेशंटच्या नावाच्या जागी कुणी मुद्दाम वेडंवाकडं काही लिहिलं, तर मशीन त्याला नाव न समजता हुकूम समजतं. म्हणजे परका माणूस थेट माजघरात. दुरुस्त आवृत्ती — नाही.

मुकादम म्हणाली (आमची टीमप्रमुख, माझ्या लेकीच्या वयाची, पण आवाज ऐका!), "मावशी, तुमच्या डब्यात झुरळ निघालं की! कुणाचं आहे हे? दुरुस्त करत नसेल तर द्या फेकून. अशी छप्पन्न मिळतात."

छप्पन्न म्हणे. तिला कुठे ठाऊक, कुणाचं ते.

मंगळवार, ४ मार्च

केलं. लिहायला लाज वाटते, पण केलं.

आमच्याकडे सूट-यादी असते. दोष आहे, पण आपल्याला बाधत नाही असं पटलं, तर कारण लिहून तो त्या यादीत टाकायचा. मग स्कॅनर त्याच्याकडे काणाडोळा करतो. मी दादाचा दोष टाकला. कारण लिहिलं — 'हा भाग आपण वापरत नाही.' धडधडीत खोटं! रोज वापरतो.

मुकादमने मान्यता द्यायची असते. तिने वाचलंसुद्धा नाही. "मावशींनी लिहिलंय म्हणजे झालं."

म्हटलं, दादाला सावकाश सांगू. तो दुरुस्त करील. तोवर नाव तरी राहील बिचाऱ्याचं. डबा शुक्रवारी, चौदाला जायचाय.

बुधवार, ५ मार्च

सगळं हिरवं. चहा गोड लागला नाही.

शनिवार, ८ मार्च

दादाकडे गेले. खिडकीपाशी बसला होता, कॉम्प्युटर समोर, हात मांडीवर. मला बघून खुलला. "या, तपासनीस बाई!"

पिशवी ठेवली नाही तोच त्याने विचारलं, "तुझा स्कॅनर माझ्या पॅकेजाबद्दल काय म्हणतो गं?"

दुरुस्तीचं बोलायला गेले होते. पण त्याचा चेहरा पाहिला. "हिरवंगार!" म्हणाले.

"नीट बघितलंस?"

"अरे, माझं कामच आहे ते."

"हं," म्हणाला. मग बराच वेळ चहा ढवळत बसला. साखर तर त्याला बंद आहे.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. "वन्सं, हल्ली एक ओळ लिहितात आणि तासभर तिच्याकडेच बघत बसतात. मधलं काही आठवत नाही म्हणतात. मग चिडचिड. माझ्यावर नाही हो — स्वतःवरच."

म्हणजे दुरुस्ती व्हायची नाही. बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेले, तेही कळलं नाही.

सोमवार, १० मार्च

एका लॅबमधल्या तंत्रज्ञ बाई नवा प्रोग्रॅम बघायला आल्या होत्या. हसऱ्या, बोलक्या. त्यांनी स्वतःचंच नाव टाकलं. लेबल सर्रकन बाहेर! ते मनगटावर चिकटवून म्हणाल्या, "आमच्याकडे दिवसाला तीनशे माणसं येतात हो. कुणाला काय आजार, सगळं ह्यातच. घरच्यांनासुद्धा न सांगितलेलं असतं. सुरक्षित आहे ना?"

मुकादमने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्या आहेत ना! ह्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

डोकं दुखतंय सांगून लवकर घरी आले.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी पहिलं काम — सूट-यादीतली ती ओळ खोडली. मग मुकादमला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दादा, टेबल, खोटं कारण, सगळं. ती ओरडेल म्हणून बॅग आधीच भरून ठेवली होती.

ओरडली नाही. म्हणाली, "मी न वाचता मान्यता दिली, तेव्हा अर्धी चूक माझी. पण मावशी, मला सांगायचं तरी! फेकून द्या म्हणाले मी — तुमच्या दादांचं!"

तिचेच डोळे भरले. मला वाटलं होतं माझे भरतील.

मग आमची मुकादम पुन्हा मुकादम झाली. "आता दुसरं पॅकेज बसवा. दोन दिवस आहेत. मी बसते तुमच्याबरोबर. आणि दादांना तुम्ही स्वतः सांगा. परक्याकडून कळायला नको."

बसवलं. लेबल थोडं डावीकडे सरकतंय. दादाचं कधी सरकलं नाही.

बुधवार, १२ मार्च

दादाला नीट समजावता यावं म्हणून त्या दोषाची जाहीर नोंद उघडली. एरवी वरचा परिच्छेद वाचून बंद करते. आज शेवटपर्यंत वाचली. तळाशी, दोष कुणी कळवला ते नाव असतं.

दादाचं नाव आहे. कळवल्याची तारीख जानेवारीची, जाहीर व्हायला मार्च उजाडला. खाली दोन ओळी — 'हे मीच लिहिलं आहे, आता माझ्याकडून दुरुस्त होणार नाही. जिथे जिथे असेल तिथून कृपया काढून टाका, माझी बहीणही ते वापरते.'