भिंतीवर उलटं मैदान

प्रिय सूनबाई,

शाळेतून तुला फोन गेला असेलच. त्यांनी सांगितलेलं निम्मंच खरं आहे, उरलेलं मी लिहिते. फोटो स्टुडिओ विकून किल्ली द्यायला तू शनिवारी येणार आहेस, त्याआधी हे वाच.

मधल्या सुट्टीत आपल्या भिंगरीनं वर्गाच्या सगळ्या खिडक्या काळ्या कागदानं बंद केल्या. चित्रकलेच्या बाई अंधारात धडपडाव्यात, एवढाच बेत. कागदाच्या कडा दुहेरी दुमडून चिकटवल्या होत्या, फट राहू नये म्हणून. फोटो धुवायची खोली तिचा बाप अशीच अंधारी करायचा. फक्त एका कागदाला बारीक भोक राहिलं. बाहेर कडक ऊन. बाई आत आल्या, दार लागलं आणि समोरच्या भिंतीवर अख्खं मैदान उमटलं, रंगांसकट, उलटं. शिपाई डोक्यावर चालत घंटेकडे निघाला. हसण्याचा गलका ऐकून मुख्याध्यापक तरातरा वर्गाकडे आले, तेही भिंतीवर पाय वर करून. मग कोण आवरणार?

मला बोलावणं आलं. माफी माग म्हटलं तर ही गप्प. मुख्याध्यापक म्हणाले, उद्धट आहे. मी म्हटलं, बाप गेल्यापासून ती ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच बोलते. तेवढ्यात तिनं मान वर केली. “सर, तुम्ही उलटे का दिसलात?” ते लालबुंद झाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हसू फुटलेला माझा चेहरा त्यांना दाखवण्यासारखा नव्हता.

अंधारात बाकाला आपटून बाईंचा गुडघा खरचटलाय, त्यामुळे माफी ती मागेल, ते मी बघते. घरी आल्यावर खोक्याला भोक पाडलं, मागं तेल लावलेला पातळ कागद ताणला आणि प्रकाश सरळ रेषेत कसा जातो ते समजावलं. कॉलेजातलं अजून आठवतं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाबांचा मोठा कॅमेरापण असाच का? तिच्या बापाचा विषय तू आणि मी इतके दिवस टाळला. तिनं काढला.

स्टुडिओ विकून टाक. तुझा निर्णय बरोबर आहे. तो लाकडी कॅमेरा मात्र देऊ नकोस. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही. आज सकाळी तिनं मला अंगणात उन्हात उभं केलं आणि खोक्यातून बघत दटावलं, “आजी, हलायचं नाही.” अगदी त्याच्यासारखं. मी हलले नाही.

तुझीच,
आई