एका खोलीची परवानगी

अब्बा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. मी अजून शारजातच आहे. गेल्या आठवड्यात मुलाने घरामागे एक खोली वाढवायला अर्ज केला, मोबाइलवरच, आणि चार दिवसांत मंजुरी आली. तो मला दाखवत होता, “See, Baba, approved.” मी बरं म्हणालो आणि उठून आत गेलो. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. किनाऱ्यावरच्या त्या लहानशा वस्तीत वीज नव्हती. तुम्ही गलबतं बांधायचात आणि आपण दोघे खजुरीच्या झावळ्यांच्या झोपडीत राहायचो. वस्तीत नुकतीच बलदिया सुरू झाली होती, आपल्या ग्रामपंचायतीसारखीच, दोन खोल्यांची. मला थोडं इंग्रजी, थोडं अरबी येत होतं, म्हणून तिथे क्लार्क झालो. घरांचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. अम्मा रत्नागिरीला एकटी होती. पक्की खोली झाली की तिला आगबोटीने आणायचं, असं तुम्ही माझ्याकडून तिला पत्रात लिहून घेतलं होतंत. जागेचा मालक हो म्हणाला होता. राहिली होती फक्त परवानगी.

एका सकाळी तुम्ही माझ्या टेबलासमोर उभे राहता. हातात प्लायवुडचा तुकडा, त्यावर सुतारी पेन्सिलीने काढलेली खोली. एकही माप लिहिलेलं नाही. आख्खं गलबत तुम्ही कागदाशिवाय, नजरेने बांधत होतात, तुम्हाला माप लिहायचं कशाला सुचेल? मी तो तुकडा परत सरकवतो. “कागदावर नकाशा पाहिजे, मापांसकट. आणि शेजाऱ्याचा अंगठा. खिडकी त्याच्या अंगणाकडे आहे.”

“शेजारी तर खजुरीच्या बागेत गेलाय, सगळ्या घराला घेऊन. उन्हाळा सरल्याबिगर येत नाय तो.”

“मग तो आल्यावर या. नियम सगळ्यांना सारखा.”

तुम्ही तो तुकडा उचलून काखेत धरलात. मग म्हणालात, “बरं. साहेब सांगतील तसं.” तुम्ही मला साहेब म्हणालात, अब्बा. चिडून नाही. तिथे तसंच म्हणायचं असतं असं तुम्हाला वाटलं.

नकाशा तुम्ही दुसऱ्याकडून काढून घेतलात, मला सांगितलंही नाहीत. शेजारी तीन महिन्यांनी परतला, त्याच दिवशी तुम्ही त्याचा अंगठा आणलात. मी अर्ज आत पाठवला, आणि त्याच आठवड्यात मामाचं पत्र आलं. अम्मा पावसाळ्यात तापाने गेली होती. दफन होऊन महिना झाला होता. पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही रंधा खाली ठेवलात आणि विचारलंत, “शेवटी काय बोलली का?” पत्रात तसं काही नव्हतं. मी म्हटलं, तुमची आठवण काढली. ते मी मनचं सांगितलं.

पुढे शिक्का मारलेला कागद आला. तुम्ही खोली बांधलीत, नकाशात होती तशीच. पण एक दिवसही तिच्यात झोपला नाहीत. नंतर गावाकडून आलेल्या एका जोडप्याला ती राहायला दिलीत. मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

शिक्का मारताना मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब, नाव वाचून थांबले होते. “ये तेरा बाप?” मी हो म्हटलं. “तो मेरे को क्यों नहीं बोला? बाजूवाले का भाई इधरही था, उसका अंगूठा चलता था. एक दिन का काम था.”

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. शेजाऱ्याचा भाऊ उन्हाळाभर बाजारात मासळी विकत होता, मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. त्याचा अंगठा चालेल का, हे मुदीरना विचारायचं माझ्या मनात त्याच सकाळी आलं होतं. मग तुम्ही माझे वडील, हे सांगावं लागलं असतं. तुम्ही लुंगीवर, अनवाणी आला होतात, अंगाला गलबताच्या तेलाचा वास येत होता, आणि पलीकडच्या टेबलावरचे दोघे बघत होते. नियमाचं मी तुम्हाला सांगितलं ते खरं कारण नव्हतं, अब्बा. मला तुमची लाज वाटली होती.