दहिवरातलं वजन

१६ नोव्हेंबर १९९९

एकतीस नंबर पुन्हा पहिला! ओळीला चौदा किलो दोनशे. सर खूश. म्हणाले, "चार वर्षांनी चाऱ्याचा वाण हाताला लागला, सदू!"

सरांनी संकर करून वाढवलेले गवताचे चाळीस वाफे. प्रत्येकाची जात वेगळी, दुसरीकडे कुठेच नाही. आता एकतीस ठेवायचा. कापणी संपली की बाकीचे उपटून तिथे एकतीसचेच ठोंब लावायचे. उपटायची यादी मीच केली. दोनदा तपासली.

१७ नोव्हेंबर

काशीमावशी कापणीला असते. रोज प्रत्येक वाफ्याची एक ओळ. आज हात चोळत म्हणाली, "तुझा एकतीस म्हंजे नुसतं पाणी रे! कोपरापर्यंत भिजतंय. बारा नंबराला पोचू तेव्हा कुठं ऊन लागतं अंगाला."

ती हसली. मी नाही.

एकतीस फाटकाजवळ. कापणी तिथूनच सुरू — सकाळी सातला, दहिवर असताना. बारा नंबर पार टोकाला, तिथे पोचेपर्यंत अकरा वाजतात. म्हणजे मी दोन वर्षं दहिवर जोखतोय!

१८ नोव्हेंबर

दोन्ही ओळी अकरा वाजता कापून घेतल्या. एकतीस — अकरा किलो सहाशे. बारा — बारा किलो चारशे. फुटवेही बाराचेच जास्त. लिहिले होते मी, पण वजनापुढे ते कोण बघतो!

एका मापावर सरांना काय सांगू? दहावी नापास, रोजंदारीवरचा माणूस. तीन दिवस जोखतो, मग सांगतो.

१९ नोव्हेंबर

पुन्हा तेच. सर पुण्याला गेले, मंगळवारी येणार.

२० नोव्हेंबर

तिसरं मापही तेच. कापणी संपली.

संध्याकाळी मांडवीला जाऊन एसटीडीवरून नंबर फिरवला. "हॅलो, कोण?" — सरांचाच आवाज. ठेवून दिला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं!

२२ नोव्हेंबर

सकाळी गेलो तर फाटकाजवळचा एकतीस सोडून पुढे सगळी जमीन मोकळी! हरिश्चंद्र मुकादमाने काल रविवारी जादा माणसं लावून एकोणचाळीस वाफे काढले. ठोंब परत फुटू नयेत म्हणून माती झाडून कातळावर उन्हात टाकलेले. सगळे एकात एक. नंबरांच्या खुंट्या वेगळ्या, मोळी बांधून.

विचारलं, "बाराचे कुठले?"

"गवत ते गवत! यादी तुझीच ना? एक वाफा चुकवला असेल तर दाखव."

एकही चुकवला नव्हता. दुपारपर्यंत कातळावर बसून ठोंब उलटेपालटे करत राहिलो. काशीमावशीने पाणी आणून दिलं. "उन्हात मरशील मेल्या, ऊठ."

२३ नोव्हेंबर

सरांना दहिवराचं, मापांचं सगळं सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, "चूक सापडली ते बरं झालं. आता बाराच लावू. त्याचे चार ठोंब तू बाजूला काढून ठेवलेच असशील."