शपथ नको म्हणणाऱ्या बाई

पार्सिपनी, १२ मार्च २००५

ती. दादास धाकट्याचा नमस्कार.

फोनवर पुन्हा आईची शपथ घ्यायला लावलीस. किती वेळा रे? गावात घेतलेली एक तरी टिकली का?

पिऊन गाडी चालवली म्हणून कोर्टाने दारू सोडवणाऱ्या ज्या बाईंकडे जायला लावलंय, त्या ओरडतच नाहीत. मी आपणहून म्हटलं, शपथ घेतो. तर म्हणाल्या, "शपथ नको. दारू सोडावी असं दहापैकी किती वाटतं?"

चार म्हणालो. शाळेतही तेवढेच पडायचे. वाटलं, आता झापतील. तर विचारतात, "चार तरी का? शून्य का नाही?"

मग मोडक्या इंग्रजीत तोंडातून निघालं, की मी प्यायलेला असलो की माझ्या आवाजावरून आई ओळखते, गप्प होते आणि फोन तुझ्याकडे देते. तुझ्या शिव्या चालतात दादा, तिचं गप्प होणं नाही सोसत.

"मग काय करशील?" म्हणाल्या. मी म्हटलं, पगार झाला की बारच्या आधी घरी पैसे पाठवीन.

हॉटेलात भांडी घासून हात सोलपटलेत, झोप पुरत नाही. बाकी बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिला कोर्टाचं कळू देऊ नकोस.

तुझा दिगंबर

ता. क. आज पगार झाला. आधी पैसे पाठवले, मगच हे लिहायला बसलो. दोनशे ऐंशी डॉलर.