लाली: हो / नाही

मॅडम,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी बोलायला सवड मिळाली, तीही अडकले म्हणून. शनिवारची दुपार आहे, मी जर्मनीत, एर्लांगेनच्या माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे आणि समोर लॅपटॉपवर एक मेल अर्धवट लिहिलेली आहे. सोमवारी सकाळपर्यंत ती जायला हवी. न्युरेम्बर्गच्या बाहेर एका हॉस्पिटलात मी अर्धा वेळ वॉर्डात नर्स असते आणि अर्धा वेळ नर्सिंगचं संशोधन करते. हसू नका. नर्सिंग कॉलेजात तुम्ही रिसर्चचा पेपर दोन तासांत शिकवून टाकलात आणि म्हणाला होतात, "परीक्षेपुरतं पाठ करा, पोरींनो, बेडपॅन काही रिसर्चने उचलला जात नाही." इथे मी त्याच विषयावर पगार घेते. विद्यार्थिनींना शिकवते की पुराव्यावर चालणारी शुश्रूषा तीन पायांवर उभी असते: संशोधन काय सांगतं, नर्सचा अनुभव काय सांगतो आणि रुग्ण स्वतः काय म्हणतो. छान शिकवते म्हणे मी.

सोलापूरचा तो बायकांचा वॉर्ड आठवतो का तुम्हाला? दुसऱ्या वर्षाला होते मी. पडून राहून जखम होऊ लागली का म्हणून अंथरुणाला खिळलेल्या एका बाईची पाठ बघितली आणि कागदावर लिहिलं, कातडी चांगली. तुम्ही विचारलंत, "कशावरून?" म्हटलं, मॅडम, बघितलं ना, लाल नाहीये. वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "लाल व्हायला ती काय मेमसाहेब आहे? पुस्तक लिहिलं गोऱ्यांनी, गोऱ्यांच्या पाठी बघून. आपल्या कातडीवर लाली दिसत नाही गं. हात लाव." माझं तोंड एवढंसं झालं. मग संध्याकाळी मला क्वार्टरवर बोलावून घेतलंत. मला वाटलं, आणखी बोलणी बसणार. तुम्ही ओट्यावर स्टीलचे तीन पेले पालथे घातलेत आणि म्हणालात, यातल्या एकात मघाशी दूध होतं, ओळख. मी तळव्याने चाचपडते आहे, काहीच कळत नाही. तुम्ही माझं मनगट धरून हात उलटा करता आणि पालथ्या बाजूने मधल्या पेल्याला लावता. जरासा कोमट. "आता जन्मभर विसरू नकोस," म्हणालात आणि पिठलं-भाकरी वाढलीत. तुमच्या हातचं पिठलं खारट असायचं, पण ते सांगायची कुणाची छाती होती!

तर झालं असं. माझ्या मास्टर्सच्या प्रबंधासाठी मी एक फॉर्म तयार केला. पडून राहणाऱ्या रुग्णाची पाठ रोज बघायची, बोट दाबूनही लाली टिकते का ते पाहायचं आणि खूण करायची: लाली, हो किंवा नाही. हो असेल तर मऊ गादी आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, नाही तर नेहमीचं वेळापत्रक. सोपा, सुटसुटीत, प्रत्येक ओळीच्या शेजारी आधार म्हणून शोधनिबंध दिलेला. माझ्या प्रोफेसरबाईंना तो इतका आवडला की "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत त्यांनी तो आमच्या वॉर्डात लावला आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्या वॉर्डांत लागणार आहे. फॉर्मवर माझं नाव आहे. हात लावून बघण्याचा रकाना त्यात नाही.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या. पुण्याच्या, मुलगा इथे सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मला बघून त्यांना रडूच आलं. "अगं बाई, मराठी बोलतेस! आता मी सुटले." तिसऱ्या दिवशी त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा म्हणाल्या, "बाळ, तिथे खाली नुसती आग होतेय गं." मी बघितलं. सावळी कातडी, लाली कुठेच नाही. बोट दाबलं, काही कळलं नाही. मग हात आपोआप उलटा झाला. माकडहाडावरची जागा आजूबाजूपेक्षा गरम होती आणि थोडी टणक. मॅडम, मला कळलं. त्या क्षणी मला स्वच्छ कळलं होतं. पण हातात माझाच फॉर्म होता आणि तो विचारत होता, लाली? मी त्या अभ्यासाची माहिती गोळा करणारी, मीच आपला नियम कसा वाकवू? प्रोफेसरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "लाली दिसते का? नाही? आल्झो, मग नाही." मी नाहीवर खूण केली. माझी पाळी होती तोवर आजींना कुशीवर ठेवलं, मग दोन दिवस माझी सुट्टी. परत आले तेव्हा त्या जागी बँडेज होतं आणि बँडेजखाली माझ्या बोटाची दोन पेरं जातील एवढी जखम.

आजी अजून तिथेच आहेत. पालथ्या झोपतात, उशीत तोंड घालून माझ्याशी बोलतात, परतीचं विमान चुकलं म्हणून हळहळतात. त्यांच्या मुलाने परवा कॉरिडॉरमध्ये गाठून माझे हात धरले. "ताई, तुम्ही होतात म्हणून आम्ही निश्चिंत होतो." मी म्हटलं, जखम भरेल हो. घरी येऊन जेवले नाही. खरं सांगितलं तर प्रबंध गेला, आणि मार्चमध्ये संपणारं कॉन्ट्रॅक्ट कोण वाढवणार? कॉन्ट्रॅक्टवर राहण्याचा परवाना, परवान्यावर हे घर, नवऱ्याची अजून न मिळालेली नोकरी, मुलीची शाळा. नाही सांगितलं तर पुढच्या महिन्यापासून प्रत्येक वॉर्डात कुणीतरी सावळ्या पाठीकडे बघून माझ्या सहीने नाही म्हणणार. रोज सकाळी सायकल काढते तेव्हा वाटतं, आज सांगते. संध्याकाळी ती तशीच लावते आणि वर येते. माझी चिडचिड होते, तुमच्यावरसुद्धा होते. शिकवलंत ते कुठे लिहून का नाही ठेवलंत?

मुलीला थोडंफार सांगितलं. तेरा वर्षांची आहे, मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. "ज़ाग एस आइनफाख, मामा." नुसतं सांगून टाक, आई. आइनफाख म्हणजे सोपं. तिचं बरं आहे.

शेवटी आज प्रोफेसरबाईंना मेल लिहायला घेतली. आजींचं सगळं लिहिलं, हात लावल्याचं लिहिलं, फॉर्म थांबवा असं लिहिलं. आणि हेही, की गडद कातडीवर गरमपणा आणि टणकपणा हाताने तपासावा याला पुरावा आहे, भरपूर आहे, मागच्या आठवड्यात शोधला तर दहा मिनिटांत सापडला. आधी मी तो शोधलाच नव्हता. इथे सगळ्यांत सावळी मीच, त्यात विषयही सावळ्या कातडीचा घेतला असता तर त्यांनी काय म्हटलं असतं, ही भीती. एवढं सगळं लिहिलंय, आणि मग एक वाक्य आहे: "फॉर्म तयार करताना हा रकाना माझ्याकडून राहून गेला." जर्मनमध्ये ते फार सभ्य वाटतं. सोमवारी बहुधा तसंच जाईल.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून इथे लिहिते. राहून गेला नव्हता, मॅडम. पहिल्या मसुद्यात ती ओळ होती, हाताची पालथी बाजू लावून बघा. शेजारी आधार म्हणून मी लिहिलं होतं, माझ्या शिक्षिका. ते वाचून मला तुमची लाज वाटली, आणि मी ती ओळ खोडली.