गोळी म्हणजे अन्न नव्हे

तिसगाव,
ईस्टरनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप ग्लोरियाताईस धाकट्या गिदोनचा प्रभूमध्ये सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? नगरला नळाला रोज पाणी येतं की अजून दिवसाआडच? (सवडीने कळव. विचारायची रीत आहे म्हणून विचारलं, पण काळजीही आहेच.) आता मुद्द्याचं. तुझी भावजय हन्ना घर सोडून गेली आहे. ईस्टरची भक्ती आटोपली, तिने अंगावरची साडीसुद्धा बदलली नाही, पिशवी उचलली आणि नेवाशाला भावाकडे, जेम्सकडे, निघून गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फोन केला तर जेम्स उचलतो आणि हवापाण्याच्या गोष्टी करतो. तुला तिचा फोन आला असणारच. तू सेवानिवृत्त असलीस तरी शेवटी नर्स, त्यामुळे फोनवर मला बोलूच देत नाहीस, पहिल्या वाक्यालाच 'गिद्या, गोळी घेतली का' म्हणून सुरू होतेस. म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवलं, आणि आज स्वतःचं लिहिताना हात थरथरतोय. (साखरेने नव्हे. आत्ताच तपासली.)

सुरुवात झाली ती माझी साखर वाढली तिथून. शेवगावचे डॉक्टर म्हणाले, आता इन्शुलिनचा विचार करावा लागेल. सुईला मी किती भितो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. नर्सचा भाऊ असून लस टोचताना शाळेच्या खिडकीतून उडी मारलेला मी. त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यातला गृहस्थ सांगत होता की भाकरी, भात, पोळी, साखर सोडा, मधूनमधून उपवास करा, साखर आपोआप उतरते. मी सोडलं. सकाळी अंडी, दुपारी मेथी नाहीतर वांगं, ताक, मूठभर शेंगदाणे, रविवारी मटण, भाकरी बंद. हन्ना माझं वेगळं आणि तिचं वेगळं रांधून दमली, पण ताई, साखर खरोखर उतरली. हे मी कबूल करून घेणारच, कारण नंतर जे झालं त्यावरून लोक म्हणायला लागले आहेत की भाकरी सोडल्याने सर येडे झाले. भाकरीचा काही दोष नाही. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून बजावलं होतं की खाणं बदललंत तर आधी मला येऊन सांगा, गोळी तेवढीच ठेवून चालत नाही. मी गेलो नाही. गेलो असतो तर कळलं असतं की हे सगळं मोबाईलवरून चाललंय, आणि मग माझी शोभा झाली असती. (ती नंतर झालीच, आणि लाउडस्पीकरवर झाली.)

यात आमच्या कानिफनाथचा हात आहे. शेजारचा कानिफनाथ तुला आठवत असेल, कपाशीवाला, त्यालाही साखर. त्याने माझं बघून एकादशी धरली. संध्याकाळी माझ्याच यंत्रावर साखर बघायला आला, तर आकडा आभाळाला भिडलेला. मी विचारलं काय खाल्लंस. तर साबुदाण्याची खिचडी, भगर, उकडलेली रताळी, वर दोन केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. मी पोट धरून हसलो. तो रागावून म्हणाला, "सर, तुमचं मशिन बिघडलंय. उपास केल्यावर शुगर वाढंलच कशी?" मी त्याला तासभर समजावलं की तुमच्याकडे उपवास म्हणजे एक धान्य सोडून दुसरं पिठूळ खाणं, आणि आमच्याकडे उपवास म्हणजे पोटात काही नाही. एकच शब्द, पण साखरेच्या बाबतीत दोन टोकं. हे बोलताना मला इतका आनंद झाला की आपला उपवास किती खरा आहे ते दाखवण्याची खुमखुमीच आली. इथून पुढचं सगळं त्या खुमखुमीने झालं.

शुभ शुक्रवारच्या भक्तीत प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, ते तुला ठाऊक आहे. यंदा पाळकसाहेबांनी पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा, मला दिला. मी ठरवलं, गुरुवारच्या प्रभुभोजनानंतर शुक्रवारचं बोलणं होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पण गोळीचं काय? डॉक्टर म्हणतात गोळी चुकवू नका, पाळक म्हणतात उपवास मोडू नका. मी दोघांचाही मान राखला आणि सकाळी घोटभर पाण्याबरोबर ती साखर उतरवायची गोळी घेतली, पूर्वी भाकरी खात होतो तेव्हा घ्यायचो तेवढीच. हन्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आवो, पोटात कायबी न्हाई. ती गोळी आत जाऊन कशाला खाईल? तुमालाच." मी तिला म्हणालो की गोळी म्हणजे अन्न नव्हे, त्यामुळे उपवास मोडत नाही. तिने विचारलं एक आणि मी उत्तर दिलं दुसऱ्याचं. (वर्गात असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देत असे.)

माझी पाळी आली तेव्हा वीज गेलेली होती, फक्त माईक इन्व्हर्टरवर. पहिली काही वाक्यं छान झाली. मग घाम सुटला. मला वाटलं, उन्हाळा. मग हात कापायला लागले, वाटलं, वक्तृत्व. कागदावरची अक्षरं हलायला लागली आणि मला सगळ्यांचा एकाएकी भयंकर राग आला. पुढच्या बाकांवरच्या लोकांकडे बोट करून मी ओरडलो की माणूस इथे तहानेने मरतोय आणि तुम्ही हातपंखे हलवत बसलात, एकालाही उठून पाणी द्यावंसं वाटत नाही! ताई, मला खरंच पाणी हवं होतं. पण विषय तहानेचा. मंडळी हालेलुया म्हणाली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी जितका पाणी पाणी म्हणून ओरडलो तितकी माणसं जास्त हेलावली, आणि एकही जण जागचा हलला नाही.

इथपर्यंत मला आठवतं. त्यापुढे काही नाही. कोरी पाटी.

पुढची आठवण अशी की मी प्रभुभोजनाच्या मेजाशी खाली बसलोय, पांढऱ्या सदऱ्यावर जांभळे डाग, तोंडात गोडगोड चव, आणि पाळकसाहेब रिकाम्या बाटलीकडे बघत उभे आहेत. कानिफनाथ (मित्राचं बोलणं ऐकायला आला होता, मागच्या बाकावर बसला होता, त्याचाही त्या दिवशी उपवास होता, म्हणजे खिसा भरलेला होता) माझ्या तोंडात राजगिऱ्याचा लाडू कोंबतोय. नंतर कळलं ते असं. घाम पुसायला मी रुमालाऐवजी भाषणाचा कागद वापरला, ते एकट्या हन्नाच्या लक्षात आलं. ती उठली. शुभ शुक्रवारी सगळ्या मंडळीत कुणाजवळ खडीसाखरसुद्धा नाही, म्हणून ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि गुरुवारच्या प्रभुभोजनातून उरलेली द्राक्षरसाची बाटली घेऊन वर व्यासपीठावर चढली. पाळकसाहेब आडवे आले असं म्हणतात. ती थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून बरं, आणखी थोडा वेळ गेला असता तर 'पूर्ण झालं आहे' हा सहावा उद्गार माझ्यावरच बोलावा लागला असता. गावातल्या निम्म्या लोकांचा मात्र अजून समज आहे की मी तहान करून दाखवली. मला पुढच्या वर्षीचंही आमंत्रण आहे.

पण त्या कोऱ्या जागेत मी हन्नाला काहीतरी बोललो, ताई. हे मला सगळ्यांच्या गप्प बसण्यावरून कळतं. कानिफनाथला विचारलं तर तो आभाळाकडे बघून म्हणाला, "आवंदा कपाशीचं काय खरं न्हाई, सर." पाळकसाहेब म्हणाले, प्रभू क्षमा करतो. म्हणजे क्षमा लागण्याजोगं काहीतरी होतंच. शनिवारी हन्नाने ताट वाढलं, मी शेवटचा घास खाईपर्यंत समोर उभी राहिली. रविवारी गेली. मी काय बोललो असेन? लग्नात तिच्या वडिलांनी दिलेल्या जुन्या सायकलीचा विषय काढला असेन का? तिच्या आवाजाची टिंगल केली असेन का? साखर उतरली की माणूस भांडखोर होतो म्हणे. मी साखर न उतरताही भांडखोरच, मग त्या दिवशी काय झालो असेन? मला भीती वाटते, ताई. मरायची नव्हे. ती येणार नाही याची.

डॉक्टरांकडे सोमवारी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी गोळी निम्मी केली. भाकरी कमी ठेवा, पण माझ्या नजरेखाली, आणि या गोळीवर असले उपवास नाहीत, असं सांगितलं. मी निमूट ऐकलं. (मध्ये दोनदाच वाद घातला.)

दाजींना सलाम.

तुझा भाऊ,
गिदोन

ता.क. : खरं काम हे की हन्नाला हळूच विचारून मला कळव, मी काय बोललो. नुसतं 'चुकलो' म्हणून भागणार नाही. कशाबद्दल चुकलो ते नीट सांगता आलं पाहिजे.

ता.क. दुसरा, गुरुवार सकाळ : पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. हन्नाला काही विचारू नकोस. सहाव्या उद्गारावर बोलणाऱ्या क्रिस्टीना टीचरने सगळी भक्ती मोबाईलवर टिपून ठेवली होती. मी हातापाया पडल्यावर तिने पाठवली. मी पाहिली. हन्ना बाटली घेऊन वर येते आणि मी पाळकांकडे वळून, वर्गातल्या करड्या आवाजात, विचारतो : ही बाई कोण? हिला वर कुणी येऊ दिलं?

सायकल नाही, आवाज नाही. शिवी दिली असती तर बरं होतं. आता जेम्सही खरं बोलला. हन्ना रागावलेली नाहीच. ती त्याला म्हणते, "फुडल्या टायमाला त्यांनी वळखलं न्हाई आनि तोंडबी उघडलं न्हाई, तर म्या काय करू?" तेव्हा माझं मागणं बदललंय. तू चार दिवस इथे येऊन राहा. साखर उतरायला लागली की माणसाला स्वतःला आधी काय कळतं, काय खायचं, किती खायचं, आणि पुढेमागे लागलीच तर सुई कशी टोचायची, ते शिकव. हन्नाला नव्हे, मला. मी तिला आणायला आत्ताच्या एस.टी.ने नेवाशाला निघालोय, आणि दारात उभं राहून तिला सांगायला माझ्याजवळ एवढंच आहे की मी शिकतोय.

आणि एक. लग्न झाल्यापासून हन्नाने मला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही, चिडली तरी नाही. त्या व्हिडिओत मी 'ही बाई कोण' म्हणतो, तेव्हा ती डाव्या हाताने माझी मान धरते, बाटली तोंडाला लावते, आणि म्हणते, "मी हाय. आदी पी. मग वळख." माईक चालू होता. सगळ्या मंडळीने ऐकलं, मी तेवढा तिथे नव्हतो.