स्क्रू कुणी फिरवला

सोलापूर,
ता. २२ जानेवारी १९२८

तीर्थस्वरूप अण्णाच्या पायांवर दाक्षायणीचं डोकं. इकडे सगळे सुखरूप, तिकडची खुशाली कळव.

अव्वाचा खोकला कसा आहे? लेकीकडून तिला म्हणून गड्ड्याच्या जत्रेतून घोंगडी घेतली आहे. अक्कलकोटला जाणारं कुणी भेटलं की धाडते. मानेवरचं भाजलेलं भरलं का? हाताच्या फोडांना पाणी लागू देऊ नकोस.

मी भेटायला यायला हवं होतं. सासूबाई आजारी आहेत असा निरोप पाठवला होता. त्या चांगल्या हिंडत-फिरत होत्या. मलाच तुझ्यासमोर बसवेना.

गिरणीतलं तुमचं सुताला खळ लावायचं सायझिंग खातं अजून बंद आहे. सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर येणार आहे. बॉयलरची कडक वाफ तुमच्या सूत वाळवायच्या सिलिंडरांत जाण्याआधी जो रेग्युलेटर तिचा जोर कमी करतो, त्याचा स्क्रू कुणी फिरवला, म्हणून पाइप फुटला, हे तो विचारणार म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही.

आता खरं काम लिहिते. ह्यांचं म्हणणं असं, की तू सांगावंस, स्क्रू मीच आवळला, सूत लवकर वाळावं म्हणून. तुला फार तर दुसरी गिरणी बघावी लागेल. पण ह्यांच्यावर ठपका आला तर कुठलीच गिरणी ह्यांना फिटर म्हणून वाफेला हात लावू देणार नाही. पदरात दोन पोरी आहेत. "भावाला लिही, तुझं ऐकंल त्यो," असं हे म्हणाले, आणि मी लिहायला बसले.

हे पत्र अव्वाला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
दाक्षायणी


सोलापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९२८

अण्णा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही.

तू आलास. मॅनेजर साहेबांपुढं उभा राहून "स्क्रू मीच फिरवला" म्हणालास आणि मग आमच्याकडं जेवायला बसलास. तुझ्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. डाव्या हातानं भाकरी मोडू गेलास, ती ताटातच सरकत राहिली. मग मी मोडून दिली. तू म्हणालास, "आमटी झ्याक झालीया." निघताना "पोरींना जप" एवढंच. मला एका शब्दानं बोलला असतास तर बरं झालं असतं.

मला त्यातलं काही कळत नाही, असं मागं लिहिलं ते खोटं. आमच्याच चुलीपाशी बसून तू ह्यांना म्हणाला होतास, "रुद्रप्पा, मशीन थांबलं की वाफेच्या जोराचा काटा वर चढतोय. म्हंजी व्हाल्व पुरता मिटत न्हाई. आत घाण बसलीया. वाफ बंद करून उघड आन् साफ कर की."

"स्क्रू सैल केलाय. चालंल."

"सैल करून गळती थांबती व्हय? सेफ्टी व्हाल्वबी फुसफुसाय लागलाय."

"त्योबी आवळतो. खात्याचा मास्तर मशीन बंद ठेवू देत न्हाई, मी काय करू?"

मी भाकऱ्या थापत होते. सगळं ऐकत होते. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं, काटा चढत गेला आणि जवळ उभा तू होतास.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांची भाकरी घेऊन मी गिरणीत गेले. इन्स्पेक्टर रेग्युलेटर उघडून बघत होता. व्हाल्वच्या बैठकीवर गंजाची खपली अडकलेली. मास्तर म्हणत होता, "पण चनबसप्पानं कबूल केलंय की, साहेब."

मी म्हणाले, "माझा भाऊ खोटं बोलला. मीच बोलायला लावलं."

"बाई, तुमी घरी जावा," मास्तर म्हणाला.

इन्स्पेक्टरनं ह्यांच्याकडं पाहिलं. हे खाली बघत होते. मग म्हणाले, "ती म्हणतीया ते खरं हाय. उघडून साफ करायचा व्हता, म्या केला न्हाई. सेफ्टी व्हाल्वबी म्याच आवळला."

ह्यांना कामावरून काढलं. मास्तरलाही जबाब द्यावा लागला. तुझ्यावरचा ठपका गेला. हात बरा झाला की तुला परत घेऊ, असं मॅनेजर साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं. हे मोडनिंबला आपल्या मामांच्या मळ्यावर गेलेत. जाताना म्हणाले, "तू बोलली नसतीस तर मीबी बोललो नसतो." रागानं म्हणाले की कसं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

शेजारची बसव्वा म्हणते, धीराची गं बाई तू. ते ऐकवत नाही. तुझी बोटं ताटावर बघितली नसती तर मी गप्पच राहिले असते, अण्णा. तूच पाटीवर गिरवून घेतलेली अक्षरं, त्यांनीच तुझ्याकडं खोटं मागितलं.

अव्वाला आता सगळं सांग. माझं पहिलं पत्रही वाचून दाखव. त्यानंतर तिनं बोलावलं तर पोरींना घेऊन येईन. न बोलावलं तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुझी धाकटी, असं तू अजून म्हणत असशील तर,
दाक्षायणी